किमयेच्या आधीचा अल

२० नोव्हेंबर १९५०, सोमवार

दिवाळीची सुटी संपून आज शाळा उघडली आणि पहिल्याच तासाला हेडमास्तरांनी आम्हा दोघा सायन्सवाल्यांना बोलावून घेतलं. येत्या जूनपासून सायन्स मराठीतून शिकवायचं. उर्दू बंद. वर्ग कमी होणार, म्हणून सायन्सची जागाही एकच राहणार. फेब्रुवारीत नवे शिक्षणाधिकारी नानासाहेब येऊन आमचा एकेक धडा मराठीतून बघतील. (परवापरवापर्यंत याच खुर्चीला मोहतमीम तालीमात म्हणायचे. खुर्ची तीच आहे.)

दोघंही उतरलो तर जो ज्येष्ठ तो राहील, म्हणजे मुनीरुद्दीन साहेब. त्यांची बावीस वर्षं झाली, माझी दोन, तीही हंगामी. ते पडले आणि मी उतरलो तर मी. दोघंही पडलो तर पुण्याकडून माणूस येईल.

म्हणजे मला राहायचं असेल तर माझा धडा चांगला व्हायला हवा आणि साहेबांचा वाईट. वहीत तरी खोटं कशाला लिहू?

साहेब माझे उस्ताद. याच प्रयोगशाळेत, याच दगडी कमानीखाली त्यांच्या हातातला निळा कागद लाल होताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी पाचोडहून आलेला मुंडाशातला पोरगा होतो. त्यांनीच चिठ्ठी देऊन मला हैदराबादच्या कॉलेजात धाडलं. मला जे काही येतं ते त्यांचं आहे आणि ते सगळं उर्दूत आहे. ॲसिड म्हणजे तुर्शा, कंपाउंड म्हणजे मुरक्कब. आईशी बोलतो ते मराठी, भावाला पत्र लिहितो ते मराठी. पण काचेची नळी हातात धरली की तोंडातून मराठी निघतच नाही.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी साहेब घरी आले. बेगमपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसायला एक खाट आणि एक खुर्ची. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बद्री, मेरेकू मराठी सिखाव. रोज शामकू आता मैं.”

ज्यांना मराठी आलं तर माझी नोकरी जाते, त्यांना मराठी मीच शिकवायचं. “हौ, साहेब,” म्हणालो.

आई आतून चहा घेऊन आली. तिला उर्दूचं एक अक्षर येत नाही. पाचोडहून येऊन दोन वर्षं झाली, तरी दारावर कुणी उर्दूत बोललं की ती नुसती मान हलवते आणि “व्हय, व्हय” म्हणते. साहेबांनाही तसंच म्हणाली.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज पुण्याहून टपालानं छापील शब्दसूची आली, शास्त्राच्या शब्दांना मराठी प्रतिशब्द देणारी. पाकिटावर दोन नावं होती, सय्यद मुनीरुद्दीन साहेबांचं आणि खाली माझं. साहेब वर्गावर होते म्हणून शिपाई पुंजारामनं पाकीट माझ्या हातात दिलं.

मी ते पिशवीत टाकलं. मधल्या सुटीत साहेब समोर बसून पानाला चुना लावत होते, तेव्हाही काढलं नाही. घरी आणून एकदा भराभरा चाळली आणि ट्रंकेत धोतरांच्या तळाशी ठेवून दिली.

उद्या देईन.

१ डिसेंबर

दिली नाही. पण मीही तिला हात लावत नाही. चोरलेली पोळी खायला बसलं तर घशाखाली उतरेल का? शब्द मी मराठीचे शिक्षक दत्तोपंत यांना विचारून घेतो. ते खुशीत येतात आणि एका शब्दाला चार सांगतात, त्यातला सगळ्यात आखूड मी घेतो.

साहेबांची शिकायची रीत मोठी विचित्र आहे. शब्द पाठ करायला ते तयार नाहीत. म्हणतात, “मैं छट्टी जमात का बच्चा हूँ. मेरेकू समझाव.” मग सहावीतल्या पोराला समजवावं तसं मी समजावतो.

आज म्हणालो, तुर्शा म्हणजे आम्ल.

“आम्ल काय असतो?”

“आंबट असतं ते.”

“चिंच आंबट असतो. चिंच आम्ल आहे?”

मी म्हणालो, चिंचेत आम्ल असतं, चिंच म्हणजे आम्ल नव्हे. जशी उसात साखर असते. हे बोललो आणि स्वतःशीच चमकलो, कारण हे वाक्य मी कुठून उचलून आणलं नव्हतं. ते मराठीतच सुचलं होतं.

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं आणि दाढी खाजवली. “मुश्किल है,” म्हणाले.

९ डिसेंबर, शनिवार

आज साहेब शिकायला आले आणि शिकवून गेले.

केमिस्ट्रीला दत्तोपंत रसायनशास्त्र म्हणतात. मी साहेबांना तो शब्द दिला आणि विचारलं, मग आपल्या कीमियाचं काय? तो शब्द आला कुठून?

त्यांनी डोळे मिटले. बाहेर उन्हं पाणचक्कीच्या भिंतीवरून उतरत होती आणि पडणाऱ्या पाण्याचा तो एकसुरी आवाज खोलीत भरून राहिला होता. ते उर्दूत सांगत होते. मी आठवेल तसं मराठीत लिहितो.

शब्द फार लांबून चालत आला आहे. अरबांच्या आधी तो युनानी म्हणजे ग्रीक लोकांकडे होता. त्यांच्याकडे कुठून आला यावर विद्वान अजून भांडतात. कुणी म्हणतात, मूळ शब्दाचा अर्थ ओतणं, वितळलेला धातू ओततात तसं. कुणी म्हणतात, नाही, ते मिसर देशाचं जुनं नाव आहे. नाईलला पूर यायचा, ओसरला की मागं काळा गाळ राहायचा आणि लोक आपल्या मुलखाला नुसतं म्हणायचे, काली ज़मीन.

आतून आई म्हणाली, “काळी व्हय? मंग आपल्या पाचोडासारखंच की!” तेवढा एक शब्द तिला कळला असावा.

साहेब हसले. अरबांनी तो शब्द घेतला, म्हणाले, आणि त्याच्या आधी ‘अल’ लावला. अल-कीमिया.

“अल म्हणजे काय?”

“अल कुछ नै. उंगली है.” त्यांनी बोट करून पाणचक्कीकडं दाखवलं. “वो. कोई भी नै, वो. जो तुमकू मालूम, मेरेकू मालूम.”

मग हा अल कीमियाचं बोट धरून समुद्रापार गेला. फिरंगी लोकांना कळलंच नाही की हे दोन शब्द आहेत. त्यांनी दोघांना एकच समजून घरात घेतलं आणि कित्येक शतकं अल्केमी म्हणत राहिले. पुढं शास्त्र मोठं झालं, सोनं करणाऱ्या भोंदूंची त्याला लाज वाटू लागली, तेव्हा त्यांनी पुढचा अल काढून टाकला. राहिली ती केमिस्ट्री.

“आणि अल?” मी विचारलं.

“अल का काम हो गया था,” साहेब म्हणाले आणि चहा मागितला.

रात्री स्वप्नात एक माणूस दिसला. पांढऱ्या कपड्यांतला, पाठमोरा, कुणाला तरी दारापर्यंत आणून पोचवणारा. दार उघडलं तेव्हा तो बाहेरच थांबला. चेहरा काही दिसला नाही.

१७ डिसेंबर, रविवार

गुलमंडीवरून बाजार करून आलो तर आई सांगते, साहेब येऊन तासभर बसून गेले. पैठणला त्यांचं लहानपण गेलं. गोदावरीचा पूर आला की घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागायचं, तिथल्या साळ्यांचे माग असलेल्या गल्लीत ते कसे हुंदडायचे, त्यांची आई कशी लवकर गेली आणि शेजारच्या आवडाबाईनं त्यांना कसं भाकरीला लावलं. “लई गोष्टी सांगितल्या बाबा मास्तरानं. माझ्या डोळ्याला पानीच आलं.”

आईला उर्दू कधीपासून कळायला लागलं देव जाणे. म्हातारी माणसं खाणाखुणांनीही बोलत असतील. मी खोलात शिरलो नाही, मला उद्याचा पाठ काढायचा होता.

२४ डिसेंबर, रविवार

आज दत्तजयंती. आईनं ट्रंकेतले कपडे उन्हाला घातले. संध्याकाळी मी घाईघाईनं पाहिलं तर पाकीट धोतरांच्या तळाशी होतं तिथंच होतं. आई निरक्षर आहे हे एका परीनं बरं, असं मनात आलं. असं मनात यावं याची लाज वाटते आहे.

३ जानेवारी १९५१

साहेबांची प्रगती नाही. सहा आठवडे झाले, तरी ‘पाणी गरम झाली’ म्हणतात. मी दुरुस्त करतो, ते मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पाणी गरम झाली’. आणि गंमत म्हणजे काल चहा पिताना आई पाचोडच्या सांडू नावाच्या कुणा माणसाची फजिती सांगत होती. तिचं बोलणं संपायच्या आधीच साहेब हसायला लागले. हसून झाल्यावर मला विचारतात, “क्या बोले माँजी?”

माझं मात्र आता बरंच सुधारलं आहे. आज नववीवर पंधरा मिनिटं मराठीत बोललो, एकदाही अडलो नाही. वर्गात जी उदाहरणं सुचतात ती सगळी आदल्या संध्याकाळी साहेबांच्या वेड्यावाकड्या प्रश्नांना उत्तरं देताना सापडलेली असतात.

खरं लिहू? साहेब चुकले की माझ्या आत एक दिवा लागतो. मग त्यांच्या गुडघ्यावरच्या त्या जुनाट टोपीकडं लक्ष जातं आणि तो विझतो. त्यांचा मुलगा कराचीला निघून गेला, घरात ते एकटे. इथली नोकरी गेली तर हैदराबादला लेकीच्या सासरी राहावं लागेल. आणि माझी गेली तर मी पाचोडला रामकिसनदादाच्या हाताखाली औत धरीन. दोघांतला कुणीतरी एक जाणारच आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

आई तिळगूळ वाटीत घालून साहेबांपुढं गेली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

आज अल्कली होतं. म्हणाले, “देखो, केमिस्ट्री में से अल गया, मगर इसमें बैठा है अबी तक.” अल-क़ली. क़ली म्हणजे भाजून, जाळून उरलेली राख. खाऱ्या जमिनीत, समुद्राच्या काठी एक झुडूप उगवतं. तिथले लोक ते जाळायचे, राख पाण्यात कालवायचे. त्या पाण्यानं साबण व्हायचा, रेतीत ती राख घालून काच व्हायची. ते सांगत होते आणि मला समोर दिसत होतं. पांढरं फटक मैदान, दूरवर धुराच्या रेषा, वाकून राख गोळा करणाऱ्या बायका. त्यातली एक माझ्या आईसारखी.

तेवढ्यात आईच बाहेर आली. “राखंचं काय चाललंय?”

मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “आरं, मंग त्यो खारच की! पाचोडात आमी आघाडा वाळवून जाळायचो. राख पान्यात भिजू घालायची, वरचं निवळ पानी घ्यायचं. त्या खाराबिगर पापड फुलतो का कुटं?”

साहेबांनी वही उघडली. “माँजी, फिर से बोलो. रा... राख?”

“राख.”

त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. दहा वेळा तरी तो शब्द घोटला असेल. मग मला म्हणाले, “बद्री, ये समझाव. हळदीचा डाग साबण लागला तर लाल कशाला होतो?”

कारण साबणात अल्कली असतं. कारण हळद हा घरोघरचा लिटमस आहे. चार वर्षं कॉलेजात काढली पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आईनं चिमूटभर हळद आणली, मी चुलीतल्या राखेचं पाणी केलं, थेंब टाकला. पिवळ्याचं लाल झालं. आम्ही तिघं त्या वाटीवर वाकून बघत बसलो. फार सुंदर होतं ते. मला रडू का यावं तेच कळेना.

तेव्हाच शब्दसूची काढून द्यायला हवी होती. ट्रंक चार हातांवर होती.

२८ जानेवारी

धड्यांच्या तारखा आल्या. १२ फेब्रुवारीला साहेब, १३ ला मी. विषय दोघांनाही एकच, अल्कली.

दुपारी डोळा लागला. पुन्हा तो पाठमोरा माणूस. या वेळी मी त्याला हाक मारली. नाव आठवेना म्हणून नुसतं “ओ, ओ” करत राहिलो. जागा झालो तेव्हा आई म्हणाली, “कुनाला हाका मारीत होतास?”

१२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा धडा झाला.

धुतलेली पांढरी शेरवानी घालून आले होते. नानासाहेब मागच्या बाकावर, शेजारी हेडमास्तर, कडेला मी. पुढं चाळीस पोरं. साहेबांनी फळ्यावर ‘अल्कली’ लिहिलं. अक्षर मोठं सुरेख, गोल. ही लिपी त्यांनी माझ्याकडूनच शिकली, तरी माझं अक्षर तसं नाही.

“मुलांनो,” म्हणाले. “आज आपण... झाड जाळली. मग खाली राहिली... राहिली...”

थांबले. पोरं बघत होती. त्यांनी एकवार खिडकीबाहेर पाहिलं.

“राहिली... क्या बोलते...”

राख! माझ्या ओठांवर आला होता. आईसमोर दहा वेळा घोटलेला शब्द. पुढच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, मग दुसरं, मग अख्खा वर्ग हसला. याच वर्गात बावीस वर्षं त्यांच्यासमोर पोरं हूं की चूं करत नसत.

साहेबांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि नानासाहेबांकडं बघून म्हणाले, “माफी चाहता हूँ. नहीं होगा मुझसे.”

नानासाहेब भले माणूस आहेत. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. मग कागदावर काहीतरी लिहिलं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहून टाकतो. सुटलो, असं आलं.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत गेलो. साहेब नळ्या पुसून लाकडी स्टँडवर उलट्या ठेवत होते, रोजच्यासारखं. मला शब्दसूचीचं सांगायचं होतं. “साहेब, माझ्याकडून एक...” एवढंच म्हणालो.

ते म्हणाले, “कल तुम्हारा है. हल्दी लेके आव. लिटमस नक्को.”

घरी आलो. जेवलो नाही. आई काही विचारत नव्हती, हेही नवलच.

१३ फेब्रुवारी

हळद नेली. आघाड्याची राख आईनं आधीच करून ठेवली होती, पुडी बांधून.

मी पोरांना विचारलं, तुमच्या घरी पापड कोण करतं? सगळे हात वर. पापडात खार का घालतात? मग पडेगावच्या फकिरानं सांगितलं, गारखेड्याच्या बन्सीनं सांगितलं, सगळे एकदम बोलायला लागले. हळदीवर थेंब टाकला, लाल झाल्यावर बाक सोडून पुढं धावले. मी मराठीत बोलतो आहे हे तास संपेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

साहेब शेवटच्या बाकावर पोरांमध्ये बसले होते, मागं टेकून, डोळे अर्धे मिटून.

नानासाहेबांनी पाठ थोपटली. “अस्सल मराठी धडा झाला. उर्दूचा एक शब्द नाही. अल्कली तेवढा इंग्रजी ठेवलात, तेही बरोबर, असे शब्द चालतात.”

मी साहेबांकडं पाहिलं. ते मिशीत हसले आणि त्यांनी नकळत एक बोट वर केलं. वो.

२० फेब्रुवारी

हुकूम आला. मी कायम. साहेब एक मार्चपासून सेवामुक्त. अभिनंदन करायला पहिले तेच आले आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या शेरवानीला तेजाबाचा म्हणजे ॲसिडचा आणि पानाचा मिळून वास येतो, तो मला शाळकरी वयापासून ठाऊक आहे.

मी आनंदात असायला हवं.

४ मार्च, रविवार

साहेब आज दुपारच्या गाडीनं हैदराबादला गेले. आई म्हणाली मीही येते. तिनं पापडांचा डबा फडक्यात बांधून घेतला होता.

स्टेशनवर साहेबांनी मला प्रयोगशाळेच्या किल्ल्या दिल्या. “पितळेची जो है, वो तेजाब के कपाट की. जरा उचलके घुमाना.” ते खिडकीशी बसले. मी खाली उभा. शब्दसूचीचं आता सांगू, मग सांगू, असं करता करता गार्डानं शिट्टी दिली.

तेवढ्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन धापा टाकत आली. “ओ दादा, ह्यो डबा जालन्याला जातो का?”

साहेब खिडकीतून अर्धे बाहेर वाकले.

“जातो की, बाई! चढा बिगीनं, गाडी थांबायची नाय आता. त्ये गठुडं द्या हिकडं माझ्यापाशी. पायाखाली बघा, पायरी लई उंच हाय. जालन्याला कोन हाय तुमचं?”

“लेक हाय, बाबा.”

“माझी बी लेकच हाय, हैदराबादेत. चला, दोघं बी लेकीकडंच निघालो म्हना.”

हे पैठणच्या घाटावरचं मराठी होतं. माझ्या आईचं मराठी. माझ्या मराठीपेक्षा चांगलं.

गाठोडं आत घेऊन त्यांनी वर पाहिलं आणि मी दिसलो. क्षणभर त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. मग हसले. गाडी हलली. 

शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी मी तिथंच. आई म्हणाली, “चल आता.”

“आई, त्यांना मराठी येत होतं.”

“येत व्हतं म्हंजी? पैठनात वाढलेला मानूस त्यो.”

“मग तू मला...”

“मास्तरच म्हनले, दुसऱ्याला शिकवल्याबिगर पोराला यायचं नाय, तुमी गप ऱ्हावा. मी ऱ्हायले गप.” थोडं चालल्यावर म्हणाली, “तुज्या ट्रंकंतलं त्ये पाकीट बी त्यांलाच दावलं व्हतं मी. दत्तजयंतीला. मला काय वाचता येतंय? कामाचं आसंल म्हून. त्यांनी वाचलं, म्हनले, ठिवा जितल्या तितं. मंग दर ऐतवारी तू बाजारला गेला की मागून घ्यायचे आन् लिवत बसायचे.”

घरी आलो. ट्रंक उघडली. धोतरं बाजूला केली.

पानोपानी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. तेच ते गोल, सुरेख अक्षर. प्रत्येक शब्दापुढं मुलांना काय सांगायचं ते. संयुग: ‘कणीक आणि पाणी नव्हे, ते मिश्रण. कळीच्या चुन्यावर पाणी टाकावे, हात भाजेल इतके तापते ते दाखवावे.’ आम्ल: ‘चिंच व आम्ल यांतील फरक बद्रीनाथने उसावरून फार छान सांगितला. तेच सांगावे.’ अल्कली: ‘द्वारकाबाईंचा आघाडा. हळद विसरू नये.’ द्वारकाबाई म्हणजे माझी आई. आणि अगदी शेवटी, रसायनशास्त्र या शब्दापाशी: ‘शब्द चांगला आहे. मुलांना हाच द्यावा. कीमियाची गोष्ट एखाद्या दिवशी, तास लवकर संपला तर.’

लपवल्याबद्दल एक अक्षर नाही. मी पाच पाच वेळा शोधलं. निदान रागाचं एक वाक्य असतं तर मला धरायला काहीतरी झालं असतं.

हसणाऱ्या त्या चाळीस पोरांपुढं ते ‘राख’ म्हणू शकत होते. नुसतं ‘राख’ म्हटलं असतं तर आज मी पाचोडच्या वाटेवर असतो. मी खूप रडलो. आईनं रडू दिलं आणि चुलीकडं गेली.

उद्या शाळेत गेल्याबरोबर शब्दसूची प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवणार आहे, पाकिटासकट, जिथं ती नोव्हेंबरातच असायला हवी होती. पाकिटावर आधी त्यांचं नाव आहे, मग माझं. तसंच ते राहील. त्यातलं आधीचं नाव मी कुणाला काढू देणार नाही.